थंडीत गाडी सुरू होईना? आधी कार्बोरेटरची वाटी बघा

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावाकडची आमची गावं डिसेंबरात उन्हं वर येईपर्यंत धुक्यात असतात. धानाची चुरणी (मळणी) चालू, मोटरसायकल रात्रभर अंगणात, टाकीवर दंवाच्या धारा. सकाळी माणूस चाळीस किका मारतो, दमतो आणि गाडी ढकलत माझ्याकडे आणतो.

भाऊ, प्लग बदलायच्या आधी पेट्रोल बघा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. थोडं पाणी त्यात जिरून जातं. ते वाढलं किंवा गारठा पडला, की इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच.

इंजिन थंड असताना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. शेकोटी, बिडी लांब ठेवा, यात हयगय नको. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग; त्याच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी. तिच्या खालच्या नळीखाली काचेची बाटली धरा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा. बाटली दहा मिनिटं हलवू नका. पाणी असलं तर तळाशी वेगळा थर दिसतो. थोडंच असलं तर धोप्याच्या (अळूच्या) पानावर लोळतात तसे गोल थेंब. मग कॉक उघडून स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत काढा, स्क्रू घट्ट करा. काढलेलं पेट्रोल नालीत किंवा शेकोटीत ओतू नका.

पाणी येतं कुठून? रिकाम्या टाकीत आतून दंव धरतं, म्हणून संध्याकाळी टाकी भरलेली बरी. पण मी जास्त वेळा पाहिलं ते झाकणातून शिरलेलं. गेल्या हिवाळ्यात एका दूधवाल्याची गाडी आठवड्यात तीनदा आली. तिसऱ्यांदा झाकण उघडून बघितलं, तर कडेच्या खाचेतलं बारीक छिद्र चुरणीच्या भुशानं बुजलेलं. दंव साचायचं आणि चिरलेल्या रबरावरून आत उतरायचं. सायकलच्या तारेनं छिद्र मोकळं केलं, रबर बदललं. त्यानंतर ती गाडी या कामासाठी आली नाही.

सुरू करताना चोक (हवा कमी करून पेट्रोल जास्त ओढणारा खटका) पूर्ण ओढा आणि एक्सलेटर पिळू नका. पिळला की चोकची ओढ कमी होते, पेट्रोल कमी पडतं. इंजिन धरलं की मिनिटाभरात चोक हळूहळू बंद करा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाडीला चोक नाही. चावी फिरवा, पंपाचा आवाज थांबू द्या, मग बटन दाबा. तिच्या टाकीत पाणी गेल्याचा संशय आला तर मात्र बटन दाबत राहू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.