महिला संचालक नेमायची असेल तर शोध राजीनाम्याआधी सुरू करा

बोर्डावर (संचालक मंडळावर) महिला संचालक आणायची धावपळ बहुतेक कंपन्यांत राजीनामा हातात पडल्यावर सुरू होते. हाताशी तीनेक महिने असतात आणि पहिलं नाव सुचतं ते प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांच्या, घरातलं. कायद्याच्या एका कलमात ते बसतंही, पण दुसऱ्या नियमात अडकतं. म्हणून आधी आपल्या कंपनीला नेमकं काय लागू आहे ते पाहा.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ नुसार प्रत्येक लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत किमान एक महिला संचालक हवी. लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तर तिलाही हीच अट आहे. इथे प्रवर्तकांची पत्नी किंवा मुलगी चालते. पण बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे किमान एक *स्वतंत्र* (कंपनीशी वा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेली) महिला संचालक लागते आणि तिथे नातेवाईक बाद. पहिल्या ५०० कंपन्यांना हा नियम १ एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या ५०० ना १ एप्रिल २०२० पासून लागू झाला.

स्वतंत्र संचालकाची मुदत एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षं असते आणि सलग दोनच मुदती मिळतात. म्हणजे कोणती खुर्ची कधी रिकामी होणार हे आजच माहीत आहे. कंपनी सेक्रेटरीने सगळ्या संचालकांच्या मुदती संपण्याच्या तारखा एका तक्त्यात मांडाव्यात आणि त्या तारखेच्या ९ महिने आधी तो विषय नॉमिनेशन कमिटीच्या (संचालकांची नावं सुचवणाऱ्या समितीच्या) अजेंड्यावर घ्यावा.

शोधाची सुरुवात नावापासून करू नका. लिस्टेड कंपनीला वार्षिक अहवालात बोर्डाच्या कौशल्यांचा तक्ता द्यावाच लागतो. तो उघडा आणि कोणता रकाना रिकामा आहे ते बघा: सायबर जोखीम, परदेशी बाजार, कर, पुरवठा साखळी. हव्या असलेल्या व्यक्तीचं वर्णन त्यावरून लिहा. त्यात ‘लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर आधी काम केलेलं असावं’ ही अट घातलीत की यादी आपोआप त्याच त्या ओळखीच्या नावांवर येते. ती नावं आधीच इतर बोर्डांवर गुंतलेली असतात आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त ७ लिस्टेड कंपन्यांतच संचालक राहता येतं. त्याऐवजी दुसऱ्या क्षेत्रातल्या कंपन्यांच्या वित्तप्रमुख, कारखानाप्रमुख, जोखीम विभागप्रमुख, बँकांतून निवृत्त झालेल्या वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे पाहा.

अंतिम चार-पाच नावांत किमान दोन महिला असू द्या. एकटीच असली की चर्चा तिच्या कामावरून तिच्या वेगळेपणावर घसरते. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि कमिटीच्या प्रत्येक सदस्याने चर्चेआधी आपापले गुण कागदावर लिहून ठेवावेत. अध्यक्ष आधी बोलले की बाकीच्यांची मतं त्यांच्या मागे जातात, हे बोर्डात बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

स्वातंत्र्याची तपासणी मुलाखतीनंतर नव्हे, आधी करा. गेल्या तीन आर्थिक वर्षांत ती कंपनीत नोकरीला होती का, कंपनीच्या ऑडिट फर्ममध्ये भागीदार होती का, तिचे नातेवाईक प्रवर्तकांशी किंवा कंपनीच्या व्यवहारांशी जोडलेले आहेत का, हे लेखी घ्या. उपकंपन्यांसह तपासा, चूक नेमकी तिथेच होते.

कागदपत्रांत डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) आणि स्वतंत्र संचालकांच्या सरकारी डेटाबँकेतली नोंदणी आधी पूर्ण हवी. डेटाबँकेची ऑनलाइन चाचणी, सूट नसेल तर, दोन वर्षांत द्यावी लागते. मग डीआयआर-२ या फॉर्ममध्ये संमती, डीआयआर-८ फॉर्ममध्ये अपात्र नसल्याचं निवेदन, कमिटीची शिफारस, बोर्डाचा ठराव आणि ३० दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे नेमणूक कंपनी रजिस्ट्रारला कळवणारा फॉर्म. लिस्टेड कंपनीत भागधारकांची मंजुरी विशेष ठरावाने लागते: पुढची सर्वसाधारण सभा किंवा तीन महिने, यांपैकी जे आधी येईल तोवर. पोस्टल बॅलटने (सभा न घेता टपालाने किंवा ऑनलाइन मतदानाने) घ्यायची असेल तर मतदानालाच ३० दिवस जातात, त्यामुळे सूचनेचा मसुदा बोर्ड मीटिंगच्या दिवशीच तयार असावा. त्यात पदव्यांची जंत्री देऊ नका, कौशल्यांचा कोणता रकाना ती भरते ते लिहा.

नेमणूक झाली की तिला फक्त सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समितीत बसवायची सवय मोडा. खरे निर्णय ऑडिट आणि नॉमिनेशन समितीत होतात, तिथे जागा द्या. पहिल्या तीन महिन्यांत वित्तप्रमुख आणि अंतर्गत लेखापरीक्षक यांच्याशी स्वतंत्र भेट आणि निदान एका कारखान्याची किंवा शाखेची फेरी ठरवा. अजेंडा टिपणांसह ७ दिवस आधी पोचला पाहिजे. फोनवर आधीच ठरलेला विषय मीटिंगमध्ये नुसता शिक्क्यासाठी आला, तर नवा माणूस वर्षभर गप्पच राहतो, मग तो कोणीही असो. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत पाठवा. तिचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेला असेल, तर पुढच्या ७ दिवसांत दुरुस्ती सुचवता येते हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.

बोर्डापेक्षा अवघड काम खालच्या थरात आहे. बाहेरून एक संचालक आणता येते, वरिष्ठ व्यवस्थापन मात्र आतूनच घडतं. एचआरकडून सगळ्या कंपनीची एकच टक्केवारी मागू नका, ती फसवते. ग्रेडनुसार चार आकडे मागा: महिला किती, गेल्या वर्षी बढतीस पात्र किती आणि बढती मिळाली कितींना, सोडून किती गेल्या. समजा एका ग्रेडमध्ये १०० पैकी ३० महिला आहेत, पण वरच्या ग्रेडला गेलेल्या १० जणांत एकच. मग गळती नेमकी त्या पायरीवर आहे आणि भरती वाढवून ती थांबणार नाही.

त्या पायरीवर तीन गोष्टी तपासा. पहिली, नफा-तोट्याची जबाबदारी. महिला एचआर, विधी, जनसंपर्क इथेच असतील तर सीईओपदाच्या यादीत त्यांची नावं येणारच नाहीत, कारण ती यादी विक्री, उत्पादन आणि व्यवसायप्रमुखांतून बनते. ३५ ते ४० च्या वयात एक छोटा व्यवसाय किंवा विभाग पूर्ण त्यांच्या हाती द्यावा लागतो. दुसरी, बाळंतपणाच्या वर्षाचं मूल्यमापन. रजा २६ आठवड्यांची आणि टार्गेट मात्र पूर्ण वर्षाचं, म्हणून ‘सरासरी’ शेरा मिळतो आणि बढतीसाठी सलग दोन चांगले शेरे लागत असतील तर एका बाळंतपणाची किंमत दोन-तीन वर्षं होते. टार्गेट हजर महिन्यांच्या प्रमाणात करा किंवा रजेआधीच्या वर्षाचा शेरा धरा. तिसरी, बदलीची अट. बढतीसाठी दुसऱ्या शहरात जाणं खरोखर गरजेचं आहे की नुसती प्रथा आहे, हे पदागणिक लिहून घ्या. ज्या पदाला कारण लिहिता येत नाही, तिथली अट त्याच तिमाहीत काढून टाका.