मांजरीचं पिल्लू दिसलं की कुत्रे झेपावतात? आमच्याकडे हे जमलं

लक्षण: पिल्लू दिसताच मोठा कुत्रा ताठ व्हायचा, नजर हलायचीच नाही. धाकटी भुंकत झेपावायची आणि पिल्लू फ्रिजमागे.

आधी मी पिल्लू हातात धरून हुंगायला दिलं. मनगट ओरबाडून निघालं. मग कुत्र्यांना रागावलो. पिल्लू आलं की ओरडा बसतो, एवढंच ते शिकले. दोन रात्री घरात कुणी झोपलं नाही.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. पिल्लू मागच्या खोलीत, दार बंद. खाणं, पाणी, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे तिथेच. ४ दिवस फक्त वासाची ओळख: पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्यांच्या ताटाजवळ, त्यांच्या गोधडीचा तुकडा पिल्लाकडे. नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, ताटं रोज वीतभर जवळ. सगळे दाराशी निवांत जेवायला लागल्यावरच दाराऐवजी जाळी लावली.

खरं काम जाळीपाशी झालं. एका वेळी एकच कुत्रा, फिरवून दमवलेला, पट्ट्यात. पिल्लावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं की त्याच क्षणी उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनचा तुकडा. नजर खिळली तर ओरडायचं नाही, दोन पावलं मागे न्यायचं. ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. मोठ्याला १० दिवस लागले, धाकटीला ३ आठवडे.

मग जाळी काढली. पट्टा अंगावरच, आणि पिल्लाला कपाटावर चढायची वाट मोकळी. ट्रे कुत्र्यांपासून लांब ठेवा, ते त्यातली घाण खातात. आम्ही बाहेर गेलो की अजूनही पिल्लाच्या खोलीचं दार बंद असतं.