सोसायटीच्या पाण्याचा लाइन ग्राफ काढताय? या चुका टाळा

मीटरचे आकडे एक्सेलमध्ये टाकायचे, दोन क्लिक करायचे आणि ग्राफ ग्रुपवर सोडायचा. त्याखाली भांडण ठरलेलं. आकडे तपासायला सगळे तयार असतात, रेषा कशी काढली हे कुणी बघत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधले दिवस न मोजणं. नेरूळच्या एका सोसायटीत रीडिंग सेक्रेटरीच घ्यायचे. गणपतीला ते गावी गेले आणि रीडिंग लांबलं. एरवी ३० दिवसांत ९०० युनिट व्हायचे, या वेळी ४६ दिवसांत १३८० झाले. ग्राफमध्ये तोही एकच महिना धरला गेला आणि रेषा उसळली. झालं! गळती, गळती म्हणत कमिटीने प्लंबर बोलावला, खालची टाकी उपसली, सगळी बिल्डिंग दुपारपर्यंत बादल्या घेऊन बसली. गळती कुठेच नव्हती. भागाकार करून दाखवला: आधीही रोज ३० युनिट, आताही ३०. तरी एक काका विचारत होते, "मग रेषा वर का गेली?"

म्हणून मी दोन रीडिंगमधल्या फरकाशेजारी दिवसांचा रकाना ठेवतो आणि रोजचा वापरच मांडतो. तारखाही नीट लिहा. '१२.६.२५' अशी टिंबं दिली की एक्सेल बहुतेक वेळा तिला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर समजतं. मग चार दिवसांचं अंतर आणि चाळीस दिवसांचं अंतर ग्राफवर सारखंच.

मीटरचा आकडा थेट मांडू नका. वापर घटला तरी ती रेषा चढतच राहणार.

रीडिंग हुकलं तर शून्य भरू नका. रकाना रिकामा सोडा, रेषा तुटली तर तुटू द्या.

मेची तुलना जुलैशी कसली करता? गेल्या मेशी करा. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची पातळी उन्हाळ्यात उतरते आणि पावसात चढते, त्याला कुणी ट्रेंड म्हणत नाही. मी गेल्या वर्षीची रेषा फिकट रंगात त्याच ग्राफवर ठेवतो.

बार ग्राफ शून्यापासूनच हवा, लाइन ग्राफला ती सक्ती नाही. पण उभ्या अक्षावर २९ ते ३१ एवढंच दाखवून "वापर भडकला" म्हणणं हा चावटपणा आहे.

आणि तीन बिंदूंवर ट्रेंडलाइन, म्हणजे पुढचा कल दाखवणारी रेषा, ओढून पुढच्या वर्षीचे टँकर ठरवणाऱ्यांनो, आधी वर्षभराची रीडिंग आणा.