मुंबई ते हीथ्रो: अंतर आणि विमानाचा वेळ कागदावर कसा काढायचा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तो जिथून जातो, तोच दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता.

त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. हीथ्रो ग्रीनिचच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या, पश्चिमेला आहे, म्हणून दोन रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची: ७३.३३ अंश. इथे घसरलात तर उत्तर ६० किलोमीटरहून जास्त चुकतं. आता कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा (रेडियनवर राहिला तर भलतंच काहीतरी येतं). दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (sin बटण) गुणाकार ०.२५६. दोन्हींच्या कोसाइनचा (cos बटण) गुणाकार ०.५८९, त्याला ७३.३३ च्या कोसाइनने गुणलं की ०.१६९. बेरीज ०.४२५. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन सुमारे ६४.९ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अंतर आलं साधारण ७,२१० किलोमीटर.

पण विमान या रेषेवरून जात नाही. ही रेषा सिंध, बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, क्रिमिया अशी युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. म्हणून पाचेक टक्के वाढवा आणि ७,६०० धरा. इराण-इराकही टाळावं लागलं तर आणखी.

मोठं जेट ताशी सुमारे ९०० किलोमीटर जातं, तेही हवेच्या तुलनेत. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. वाटेतली सरासरी ताशी ६० धरली, तर जाताना ७,६०० भागिले ८४०, म्हणजे ९ तास ३ मिनिटं. येताना भागिले ९६०, म्हणजे ७ तास ५५ मिनिटं. हिवाळ्यात वारा जोर धरतो आणि हा फरक आणखी वाढतो.

चढण्या-उतरण्यातला संथ वेग म्हणून अर्धा तास मिळवा. दोन्हीकडे जमिनीवर रांगण्याचा मिळून आणखी अर्धा तास. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग लागतेच. जायला १० तास ३ मिनिटं, म्हणजे सुमारे १० तास ५ मिनिटं, यायला ८ तास ५५ मिनिटं. तिकिटावरचा वेळ हा असा विमानात चढायच्या गेटपासून उतरायच्या गेटपर्यंतचा असतो. हीथ्रोवर गर्दी असली की विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात, तो वेळ वेगळा.

आता घड्याळ. समजा, विमान मुंबईहून दुपारी १:३० ला निघालं. पोचेल आपल्या रात्री ११:३५ ला. हिवाळ्यात त्यातून साडेपाच तास वजा करा: लंडनचे संध्याकाळचे ६:०५. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच तास वजा करायचे, म्हणजे ७:०५. न्यायला येणाऱ्याला हा आकडा कळवताना पासपोर्टची रांग व बॅगांसाठी तासभर पुढचा सांगा.