केमोनंतर घरी: जोडीदारासाठी

सर्वांत आधी डिजिटल थर्मामीटर आणा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्यापेक्षा जास्त भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करा. ‘सकाळपर्यंत बघू’ इथे चालत नाही. आधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, पण आतला संसर्ग झाकला जातो. थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ताप नसला तरी कळवा.

तोंड आल्यावर 1 लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 चमचा मीठ आणि 1 चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला द्या. पाणी रोज नवं करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, जखमा झोंबतात.

मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच. गरम फोडणीचा वास नकोसा होतो, म्हणून दहीभात, मऊ खिचडी कोमट किंवा गार करून, दर दोन-तीन तासांनी चार घास. आग्रह करू नका. ताट भरून वाढलं की भूक आणखीच मरते. पेशी कमी असताना कोशिंबीर, पाणीपुरी, बाहेरचा रस बंद.

केमोनंतर 48 तास उलटी, लघवी किंवा माखलेले कपडे हाताळताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा, कमोड झाकण लावून दोनदा फ्लश करा.

आणि फाइल, औषधांची यादी, फोन नंबर एकाच पिशवीत, दाराजवळ.