विद्यापीठाचं आवार पायी चालण्याजोगं आखताना

आराखड्याची सुरुवात इमारतींपासून करू नका. आधी कंटूर नकाशावर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, ओढे, पाणी साचण्याच्या जागा, जुनी झाडं आणि आसपासचे रहिवासी आजही वापरतात त्या वाटा मांडा. पायवाटांचं जाळं यावरून ठरवा आणि इमारती त्यात बसवा.

माणूस घाई न करता मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. एक तासिका सुटून दुसरी सुरू होईपर्यंत दहा मिनिटं मिळत असतील, तर वर्गावर्गांतलं अंतर ५०० मीटरच्या आत हवं, तेही वाटेवरून मोजलेलं. उरलेला वेळ जिन्यांतच जातो.

रुंदी हिशेबाने काढा. एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ३० माणसं मोकळेपणाने जातात. तास सुटल्यावर पाच मिनिटांत ६०० विद्यार्थी एका वाटेवर येणार असतील, तर मिनिटाला १२० झाले, म्हणजे चार मीटर रुंदी लागेल. बाक, दिव्याचे खांब आणि सायकली यांची जागा वेगळी धरा, नाहीतर चाराचे अडीच मीटर उरतात आणि लोक हिरवळीवरून चालू लागतात. अशा उमटलेल्या आडवाटा कुंपण घालून अडवू नका. महिनाभर पाहा आणि तिथेच फरसबंदी करा. लहान वाटाही १.८ मीटरच्या ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील. चढ शक्यतो १:२० पेक्षा, म्हणजे वीस मीटर अंतरात एक मीटर उंचीपेक्षा, सौम्य असावा. रॅम्प १:१२ पेक्षा तीव्र कधीच नको.

सावलीसाठी झाडं लावताना मुळांना न ठोकलेल्या मातीचा सलग पट्टा द्या. घट्ट ठोकलेल्या भरावात मुळांना हवा मिळत नाही. ती फरशीखालच्या वाळूत शिरतात आणि फरशी उचलतात. पाणी मुरणारी फरशी बहुधा शेजारच्या उघड्या मातीच्या गाळाने बुजते, म्हणून ती माती वाटेपेक्षा खाली ठेवा आणि आधी गवत रुजवा. पावसाचं पाणी मुरवणाऱ्या चरांत ४८ तासांनंतर पाणी दिसता कामा नये. डास तिथेच वाढतात.

शेजारच्या वस्तीशी नातं जुळतं ते फाटकांमुळे. कुंपण असलंच तर दर ३०० मीटरला पायी फाटक हवं, आणि ते वाटेच्या सरळ रेषेत. वाचनालय, दवाखाना, मैदान कडेला ठेवा, म्हणजे वस्तीलाही ती जवळ पडतील. वाहनतळही कडेलाच, अपंगांच्या गाड्या मात्र दारापर्यंत येऊ द्या. गाडीरस्ता पायवाटेला छेदतो तिथे रस्ता उचलून पायवाटेच्या पातळीला आणा. फाटकांच्या वेळा आणि तिथल्या रखवालीचा खर्च आराखड्यातच लिहून घ्या. तो लिहिलेला नसला की सुरक्षेच्या नावाखाली एकेक फाटक बंद होतं आणि पाच मिनिटांची वाट वीस मिनिटांची होते.