जुन्या घराचं ओलं तळघर राहण्याजोगं कसं करावं

तळघराला ओल आली की पहिला सल्ला मिळतो तो आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेण्याचा. तो ऐकू नका. बाहेरच्या मातीत भिंतीला लागून १ मीटर उंच पाणी उभं राहिलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १००० किलोचा दाब पडतो. आतून मारलेला रंग त्या दाबासमोर नुसत्या चिकटपणावर उभा असतो आणि लवकरच पोपडे धरतो. दाब नसेल, साधीच ओल असेल, तरी रंगामुळे तिची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती भिंतीतून वर चढते आणि तळमजल्याच्या तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं कुजवते. जुनी भिंत कोरडी ठेवायची तर पाणी बाहेरच अडवावं लागतं आणि उरलेली ओल आतून सुकू द्यावी लागते. पुढचं सगळं काम याच क्रमाने होतं.

आधी ओल कुठून येते ते ओळखा. साधारण ६० सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा, तसाच दुसरा फरशीवर लावा, आणि दोन दिवस थांबा. थेंब कागदाच्या मागे जमले तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं बाष्प आहे. हवा ३० अंश तापमानाची आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल, तर साधारण २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिला पाणी सुटतं, आणि तळघराची भिंत बहुधा त्याहून गार असते. म्हणून दमट दिवसांत 'हवा खेळू दे' म्हणत खिडक्या उघडणं म्हणजे पाणी आत बोलावणं. दोन्ही बाजूंना थेंब दिसले तर दोन्ही इलाज करावे लागतील.

बाहेरचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५०० लिटर पाणी होतं. पन्हळी साफ करा, त्यांचे नळ भिंतीपासून किमान २ मीटर दूर सोडा आणि घराभोवतीच्या जमिनीला ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार द्या. भिंतीलगतची फुलझाडं आणि त्यांना रोज घातलं जाणारं पाणी हलवा. एवढं करून एक पूर्ण पावसाचा हंगाम जाऊ द्या. पुष्कळ तळघरांचं निम्मं दुखणं इथंच संपतं.

त्यानंतरही भिंत आणि जमिनीच्या सांध्यातून पाणी पाझरत असेल तर आतल्या कडेने चर काढा. त्यात १०० मिलिमीटर व्यासाचा भोकांचा पाइप कापडी गाळणीत गुंडाळून १०० ला १ उताराने टाका, भोवती २० मिलिमीटरची धुतलेली खडी भरा आणि पाणी फ्लोटच्या (पाणी चढलं की आपोआप सुरू होणाऱ्या) पंपाच्या खड्ड्यात न्या. मात्र चर खणण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते बघा. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, कधी कधी फरशीच्या जेमतेम वीतभर खाली संपतात. पायाच्या तळाखाली खणलंत तर भिंत खचेल. उंची वाढवायला फरशी खाली नेण्याचा बेत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय फावडंही उचलू नका.

आता भिंती. काम बिघडतं ते इथं.

जुना गिलावा डागाच्या वर किमान अर्धा मीटरपर्यंत काढा. छन्नी-हातोडीनेच काढा. ब्रेकर मशीनच्या हादऱ्याने जुनं चुन्याचं बांधकाम सैल होतं. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडा. विटांवर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला खार, दिसेल. तो कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेला कागदावर गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुवू नका. पाण्यात विरघळून खार पुन्हा विटेत शिरतो आणि सुकताना त्याचे स्फटिक फुगून विटेचा पापुद्रा उडवतात. यातला काही खार हवेतली ओल स्वतःकडे ओढतो, त्यामुळे पाण्याचा स्रोत बंद झाल्यावरही दमट दिवसांत डाग दिसत राहतात.

मग थांबा. एका बाजूने सुकणाऱ्या भिंतीला दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण महिना लागतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. इतकं कोणी थांबत नाही आणि थांबायची गरजही नाही, कारण चुन्याचा गिलावा ओल्या भिंतीला सुकू देतो. पण गिलावा काढल्यावर दोन-तीन महिने भिंत उघडी ठेवाच. या काळात बाहेर आलेला लोणा दर आठवड्याला झाडत राहा.

गिलाव्यात सिमेंट नको, 'थोडंसं मजबुतीसाठी' सुद्धा नको. सिमेंट विटेपेक्षा कडक, आणि ते ओल बाहेर सोडत नाही. ओल त्याच्यामागे कोंडते आणि वीट आतून भुगा होते. साधा भिजवलेला चुनाही इथं चालत नाही. त्याला घट्ट व्हायला हवा लागते आणि दमट तळघरात तो महिनोन्महिने मऊच राहतो. हवा तो पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, पिशवीवर एनएचएल ३.५ लिहिलेला. प्रमाण मापाने १ भाग चुना, अडीच भाग धुतलेली, खरखरीत, ४ मिलिमीटरपर्यंतची वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको. १० चौरस मीटर भिंतीवर २० मिलिमीटर जाडीसाठी सुमारे २०० लिटर वाळू आणि ८० लिटर चुना धरा, वर दर्जांसाठी चौथाई जादा. १० मिनिटं कालवा, १० मिनिटं मुरू द्या, पुन्हा कालवा. पाणी बेताने घाला. थापी उलटी केली तरी माल पडू नये, इतपतच. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, चुना भाजतो.

भिंतीचा कोरडा भाग पाणी शिंपडून दमट करा. आधी दर्जा भरा. दुसऱ्या दिवशी १० मिलिमीटरचा पहिला हात मारा आणि ओला असतानाच त्यावर तिरके ओरखडे काढा. दुसरा हात दर मिलिमीटरला एक दिवस या हिशेबाने, म्हणजे १० दिवसांनी. गवंडीकामाच्या रंध्याने घासून सोडा, थापीने घोटून चकचकीत करू नका, रंध्रं बुजतात.

सगळ्यात जास्त गिलावे यानंतरच्या आठवड्यात वाया जातात. तळघर लवकर सुकावं म्हणून लोक पंखे आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र लावतात. चुना घट्ट होण्याआधीच सुकतो आणि कायमचा पिठूळ राहतो. पहिला आठवडा दिवसातून तीन वेळा हलका फवारा द्या, ओलं गोणपाट लटकवा, यंत्र महिनाभर बंद ठेवा. महिन्यानंतर तळहात घासून पाहा. हाताला पूड लागली तर तो भाग उतरवून पुन्हा करावा लागेल, त्याला दुसरा उपाय नाही. घट्ट बसला असेल तर चुन्याची पातळ सफेदी चार-पाच हात द्या. प्लास्टिक इमल्शन नको.

दाबाचं पाणी थांबतच नसेल तर चुनाही पुरणार नाही. तिथं उंचवट्यांची प्लास्टिकची चादर भिंतीवर लावून पाणी मागच्या पोकळीतून खालच्या चरात उतरवा आणि पंपाला बॅटरीची जोड द्या, कारण वीज नेमकी वादळी पावसात जाते.

फरशीचं काम सोपं: १०० मिलिमीटर खडी, २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद सांध्यांवर एकमेकांवर ३० सेंटिमीटर चढवून, वर १०० मिलिमीटर काँक्रीट. कडेने ५० मिलिमीटर खडीची पट्टी उघडी सोडा, नाहीतर फरशीखालची ओल भिंतीत चढते. लाकडी चौकट भिंतीपासून २५ मिलिमीटर दूर, जिप्सम बोर्ड फरशीच्या १५ मिलिमीटर वर. विजेची बटणं-सॉकेट जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, आणि ३० मिलीअँपिअर वीजगळतीला तुटणारा सुरक्षा स्विच. खोली झोपायची असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणीही करा.

पुढे आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा, ओल ओढणाऱ्या यंत्राचा पाइप थेट पंपाच्या खड्ड्यात सोडा आणि कपाटं भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे ठेवा. पहिल्या वर्षी नव्या गिलाव्यावर लोणा फुटला तर घाबरू नका. गिलावा भिंतीतला खार ओढून घेतो आहे. कोरड्या ब्रशने झाडा, आणि फारच भरला तर तेवढाच तुकडा काढून नवा लावा.